तानाबाईंचा बंद डबा

सुनीतीबाईंचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. यवतमाळच्या सभागृहात जिल्हाभरातली माणसं आपापल्या गावच्या कला कशा टिकवल्या ते सांगायला जमली होती, आणि नेरच्या या निवृत्त शिक्षिकेचा नंबर तिसरा होता. हातात त्यांनी छापलेलं पुस्तक, मुली टिपऱ्यांच्या तालावर म्हणतात त्या भुलाबाईच्या गाण्यांचं. शेजारी त्यांच्याच गल्लीतल्या तानाबाई, मांडीवर खिरापतीचा बंद डबा घेऊन, निवांत.

निवांतच असणार! खोटं बोलायचं होतं ते सुनीतीबाईंना.

पुस्तकामुळे गाणी वाचली, असं त्यांनी अर्जात लिहिलं होतं. आयत्या बिळावर नागोबा! खरं म्हणजे पुस्तक आलं आणि गल्लीत भुलाबाईला जमणाऱ्या मुली माना खाली घालून वाचू लागल्या. हातात पुस्तक, मग टिपऱ्या वाजवणार कोण? दोन वर्षांत बावीसच्या पाच उरल्या. यंदा तानाबाईंनी सगळी पुस्तकं माळ्यावर टाकली आणि फर्मान काढलं, जी पाठ गाणं म्हणेल तिनंच डब्यातला खाऊ ओळखायचा, तोवर डबा उघडणार नाही. मुलींनी आज्यांना, आत्यांना छळून गाणी शिकून घेतली. एकोणीस जणी आल्या.

"हे पुस्तक आपण प्रत्येक तालुक्यात वाटू," अध्यक्षीणबाई माइकवर म्हणाल्या. "सुनीतीबाई, या."

मुखपृष्ठावरचं स्वतःचं नाव पाहून क्षणभर त्यांना गुदगुल्या झाल्या, नाही कशाला म्हणा. मग लक्षात आलं, आपली चूक आता गावोगाव जाणार.

त्या तानाबाईंचा हात धरूनच व्यासपीठावर गेल्या. "गाणी मी नाही, यांनी वाचवली. यांना विचारा."

तानाबाईंनी डबा खुळखुळवला. "ओळखा, काय हाय यात? पन पयले गाणं. मास्तरीणबाई, तुमीच म्हना. पुस्तकात पाऊ नका."

सुनीतीबाईंनी पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली. तिसरी येईना. पंचेचाळीस गाणी स्वतः उतरवून घेतलेली बाई भरसभेत अडली.

"पाहिलंत?" त्यांनी पुस्तक उंच धरलं. "लिहून ठेवलं, आणि विसरले. हे वाटू नका."

मग मागच्या रांगेत मारेगावच्या एका बाईनं तिसरी ओळ उचलली, तिच्या शेजारणीनं चौथी. तानाबाईंनी डबा काखेत मारला, पिशवीतून टिपऱ्या काढून पुढे केल्या.

"घ्या. डबा मंग उघडीन."

टिपऱ्या घ्यायला दोन्ही हात रिकामे लागतात. सुनीतीबाईंनी पुस्तक खाली ठेवलं.