होडीचं डावं-उजवं

वैदेहीने लोखंडी पाइप होडीच्या काठाला टेकवला, त्याला सुती दोरीचे वेढे दिले आणि गाठ मारण्यासाठी दोरीचं एक टोक दातात धरलं. पाइपच्या खालच्या टोकाला बसवलेला काळा सेन्सर पाण्यात बुडाला.

“दातानं नको गं माय,” मागून रामकिसन म्हणाला. “तुझा बाप बी असंच करायचा. एक दात त्या दोरीपायी गेला त्याचा.”

“तो सुपारीने गेला, काका.”

“घरी तसं सांगितलं असंल.”

वैदेही हसली आणि गाठ आवळली. सेन्सरची वायर तिने मांडीवरच्या स्क्रीनला जोडली, पायाशी ठेवलेल्या स्कूटरच्या बॅटरीची चिमटी लावली, आणि स्क्रीन उजळली.

यंदा पीरतळं आटून आटून परातीएवढं झालं होतं. मागच्या वर्षी पाणी होतं तिथे आता भेगाळलेली माती होती, आणि त्या मातीत कुणीतरी प्लॉटच्या रंगीत झेंड्या रोवून ठेवल्या होत्या. शहर दौलताबादच्या दिशेने कधीचं चालत येत होतं. तळ्याने जागा करून देताच ते आणखी पुढे सरकलं होतं. उरलेलं पाणी जुन्या विहिरीभोवती होतं. तलाव व्हायच्या आधी तिथे मळा होता आणि मळ्यात बांधीव विहीर. आता ती तळाशी होती, आणि तळ्यातले सगळे मासे तिच्या आसऱ्याला गोळा झाले होते. उद्या सकाळी ठेकेदाराचं जाळं पडणार होतं.

म्हणूनच रामकिसनने फोन केला होता. “जमादाराचं काय करायचं?” एवढंच त्याने विचारलं होतं.

जमादार म्हणजे एक जुना, थोराड कटला मासा. विहिरीभोवती गस्त घालतो म्हणून रामकिसनने ठेवलेलं नाव. शेपटीच्या वरच्या टोकाला खाच, तीच त्याची खूण. वैदेहीच्या बाबांनी, केशवरावांनी, त्याला कितीदा धरला होता आणि तितक्याच वेळा सोडला होता. तो अजून आहे का, आणि असला तर उद्याच्या आधी त्याला इथून काढून नाथसागराच्या मोठ्या जलाशयात सोडता येईल का, एवढंच आज बघायचं होतं.

केशवरावांच्या घराण्यात माशाशी संबंध आला तर दशावतारांच्या चित्रात. चिकलठाण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते एकदा दौलताबादला सीताफळं घ्यायला थांबले, रामकिसनशी गप्पा रंगल्या, त्याच्या होडीत बसले, ते उतरलेच नाहीत. मासा धरायचा, त्याचं तोंड न्याहाळायचं आणि सोडून द्यायचा. एकादशीला गळ टाकायचा नाही. त्या दिवशी माशांनाही सुट्टी, असं ते म्हणत. घरी परतल्यावर अंघोळ झाल्याशिवाय आई त्यांना चहा देत नसे.

मग मिहिरने, वैदेहीच्या भावाने, परदेशातून हे यंत्र आणलं. होडीच्या दोन्ही बाजूंना पाण्यातून आवाज पाठवायचा आणि परत येणाऱ्या आवाजावरून तळाचं चित्र काढायचं. त्याच दिवाळीत, यंत्र अजून पाण्यातही उतरलं नव्हतं तेव्हा, वीज गेलेली असताना बाबांनी तिला ते जेवणाच्या पाटावर शिकवलं होतं. पाट म्हणजे होडी, फरशी म्हणजे तळ, सुपारी म्हणजे मासा. विजेरी आडवी धरून ते म्हणाले होते, “आवाजाऐवजी उजेड समज. सुपारी उजळ दिसते, पलीकडे तिची काळी सावली. आता सुपारी उचल. बघ, सावली सुटून लांब गेली. सावली लांब म्हणजे मासा तळापासून वर.” नोकरी करणाऱ्या मुलीला त्यांनी पाटावर बसवलं होतं, मग पाटावरच उलटं फिरवून डावं कुठलं ते विचारलं होतं, आणि ती चुकल्यावर टाळी वाजवून हसले होते.

मागच्या थंडीत बाबा गेले. त्यांचे कपडे, चष्मे, औषधं तिने आवरली. यंत्राचा खोका तेवढा कपाटावर राहिला. विकून टाक, मिहिर म्हणाला होता. ती हो म्हणाली होती, आणि खोक्यावरची धूळ पुसत राहिली होती.

आज पहाटे ती गळासाठी पीठ मळायला बसली. कणीक, भुईमुगाची पेंड, गूळ, हिंग. आई स्वयंपाकघरात आली, उभी राहिली. मग तिनेच हिंगाची डबी पुढे केली.

“अजून घाल. ते जास्त घालायचे. आमटीला उरायचा नाही.”

रामकिसनने होडी पाण्यात लोटली आणि मागच्या टोकाला बसून वल्हं हातात घेतलं. वैदेही पुढच्या टोकाला बसली होती. समोर देवगिरीचा किल्ला.

“तिकडं तोंड करून बसतीस व्हय?”

“मशीनच्या पुस्तकात तसंच आहे, काका. होडी जाते तिकडे बघायचं.”

“केशवराव माझ्याकडं तोंड करून बसायचा. जायचं तिकडं पाठ. मशीन मांडीवर, आन् तोंडाचा पट्टा चालू.” रामकिसनने वल्हं मारलं. “तुझी पाठ बघून काय बोलावं माणसानं?”

“आज मासा बघायचाय. हळू घ्या, सरळ.”

होडी सरकू लागली तसं स्क्रीनवर चित्र उतरत गेलं. मध्ये काळी पट्टी, तिच्या दोन्ही अंगांना तांबूस तळ. बुडालेल्या बाभळीचं खोड, फांद्यांसकट. मग विहिरीचा गोल काठ आला, आणि आत उतरत जाणाऱ्या पायऱ्या. विहिरीच्या अलीकडे तांदूळ सांडावेत तसे बारीक मासे होते. त्यांच्यापासून फटकून डाव्या अंगाला एक ठळक, लांबट ठिपका उमटला. त्याची सावली त्याच्यापासून चांगली दूर पडली होती.

“काका, आहे! वर तरंगतोय. डावीकडे!”

“थांब.”

तिने घाईघाईने पिठाचा गोळा गळाला लावला, काठी मागे घेतली आणि डावीकडे फेकली. गळ पाण्यात पडला तेव्हा होडी थोडी डोलत होती. दोघं वाट बघत बसले. एक खंड्या येऊन झेंडीच्या काठीवर बसला आणि कंटाळून उडाला. दोरीला काही कळलं नाही.

“मशीन खोटं बोलतंय,” रामकिसन म्हणाला.

“मशीन खोटं बोलत नाही. हललो असू आपण. परत फेरी घ्या.”

रामकिसनने होडी लांबून फिरवून पुन्हा तिथेच आणली. पुन्हा बाभूळ, पुन्हा विहीर, पुन्हा डावीकडे तो ठिपका आणि त्याची सुटलेली सावली.

“डावीकडे,” ती हळूच म्हणाली, आणि काठी उचलता उचलता थबकली. मघाशी समोर होता तो किल्ला आता दिसत नव्हता. तिने मान वळवली. किल्ला रामकिसनच्या मागे उभा होता.

“काका, तुम्ही होडी का फिरवली?”

“कुठं काय?”

“किल्ला मागे गेलाय.”

रामकिसनने वल्ह्याकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कुणाच्या हातात होतं. मग तो ओशाळून हसला.

“हाताची सवय गं माय. ‘डावीकडं’ ऐकलं की हातच फिरतो.”

“म्हणजे?”

“आता लपवून काय करायचं.” त्याने वल्हं मांडीवर आडवं घेतलं. “केशवराव उलटा बसायचा ना. मशीन सांगायचं डावीकडं, ते होडीचं डावं. हा आपल्या डाव्या हाताला गळ टाकायचा. ते तर उजवं झालं! पयल्या दिवशी सकाळधरून टाकतोय, टाकतोय, काय लागंना. तोंड उतरलं त्याचं. एवढं पोरानं आणून दिलेलं मशीन. मग म्या काय केलं, त्यो गोळा लावायला लागला की गुपचूप होडीच फिरवायची. म्हंजी मासा त्याच्या डाव्या हाताला. लागला की! लेकरावानी नाचला. होडी बुडायची बाकी होती.”

“आणि नंतर?”

“नंतर काय, रोजचंच. त्यो म्हणायचा डावीकडं, म्या फिरवायचा.”

“अहो, तोंड फिरवून बसा, असं सांगायचं ना त्यांना.”

“सांगितलं असतं तर बसला असता ना तिकडं तोंड करून, तुझ्यावानी.” रामकिसन पाण्याकडे पाहत राहिला. “माझं घरी कोण ऐकतंय? वच्छला म्हणती, तुमचं तेच तेच असतं. त्यो ऐकायचा. तेच तेच सांगितलं तरी हसायचा.”

“त्यांना कधी कळलं नाही, होडी फिरते ते?”

“छ्या! बोलण्याच्या नादात ध्यानच नसायचं त्याचं.”

वैदेही किल्ल्याकडे बघत राहिली. एवढा थोरला किल्ला. होडी फिरली की तो डोळ्यांसमोरून सबंध सरकत जाणार. आणि ज्याचं सगळं आयुष्य यंत्रं जुळवण्यात गेलं, त्याला ते दिसलं नसेल? तिला थंडगार फरशी आठवली, विजेरीचा पिवळा उजेड आठवला, पाटावर उलटी बसलेली ती स्वतः आठवली. ‘चुकलीस! अगं, डावं-उजवं होडीचं असतं, माणसाचं नसतं. उलटं बसलं की उलट करायचं.’

तिला हसू फुटलं. ते थांबेना. डोळे पुसायला तिने ओढणीचं टोक घेतलं.

“हसतीस काय? चुकलं का माझं?”

“नाही काका. काहीच चुकलं नाही. कुणाचंच.”

ती उठली. होडी डुचमळली तसा रामकिसन ओरडला, “अगं, बुडवतीस काय!” तोवर तिने स्क्रीन उचलून घेतली होती, आणि ती त्याच्याकडे तोंड करून बसली.

“घ्या, परत फेरी घ्या. आणि बोला.”

“काय बोलू?”

“तेच तेच. बाबांना सांगायचात ते.”

रामकिसनने खाकरून घसा साफ केला. होडी वळली, किल्ला वैदेहीच्या पाठीशी गेला. मग जावई इंद्रजीतच्या टेम्पोची गोष्ट निघाली, तो टेम्पो लग्नाच्या वरातीत नवरीच्या मांडवाऐवजी शेजारच्या गावच्या मांडवात कसा शिरला आणि तिथे सगळे वऱ्हाडी जेवून कसे उठले. ही गोष्ट तिने बाबांकडून जेवताना ऐकली होती, पुष्कळदा. बाबा सांगायचे त्यापेक्षा ही लांब होती. तिने सरकत्या चित्रावरची नजर काढली नाही, पण योग्य त्या ठिकाणी ती हसली, आणि रामकिसनचा आवाज चढत गेला.

बाभूळ. विहीर. ठिपका.

“डावीकडं,” ती म्हणाली.

रामकिसन गोष्टीच्या मध्येच थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग वल्हं पाण्यात रोवून त्याने गोष्ट पुढे चालू केली. वैदेहीने मान खाली घालून, अगदी मन लावून, पिठाचा गोळा गळाला लावला. डोळ्यांच्या कडेने तिला दिसत होतं, प्लॉटच्या झेंड्या सरकल्या, काठावरचा टेम्पो सरकला, आणि देवगिरी सावकाश येऊन रामकिसनच्या खांद्यामागे उभा राहिला.

तिने आपल्या डाव्या हाताला गळ टाकला.

वऱ्हाडी दुसऱ्यांदा जेवायला बसले तेव्हा काठीवरचं रीळ किंचाळलं.

“धर! धर! ढील दे!” रामकिसन अर्धा उठला. “वढू नको, पळू दे त्याला! आरं बाबा, इकडं कुठं! माय, काठी वर!”

वैदेहीचे खांदे भरून आले, दोरीने बोट चिरलं, पायाखालचा हिंगाचा गोळा तुडवला गेला. मासा विहिरीकडे धावला, फिरला, होडीखालून गेला. बऱ्याच वेळाने पाण्याच्या वर एक रुंद, राखी पाठ आली आणि मागोमाग शेपूट. शेपटीच्या वरच्या टोकाला खाच होती.

“जमादार!” दोघं एकदमच ओरडले, आणि काठावरच्या टिटव्या उडाल्या.

हातजाळीतून त्याला आत घेताना रामकिसन सारखा पुटपुटत होता, “म्हातारा झालास की रं. वजन वाढवलंस.”

काठावर रामकिसनची बायको वच्छलाबाई भिजवलेलं गोणपाट घेऊन उभ्या होत्या. टेम्पोत तळ्याच्याच पाण्याने भरलेली काळी टाकी होती. इंद्रजीतने झाकण उघडलं, जमादार आत गेला, आणि एका फटक्यात त्याने सगळ्यांना भिजवलं.

“माणसांला प्यायला थेंब नाय,” वच्छलाबाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, “आन् माशाला टँकर! न्या, न्या लवकर. आन् तिथं नाथसागरात बी जाळी असतात म्हणावं त्याला. जपून राहा.”

नव्या वसाहतीपाशी टाकी पाहून बायका हंडे घेऊन धावत आल्या. पाणी नाही, मासा आहे, असं इंद्रजीत सांगत होता, पण विश्वास कोण ठेवणार! एक जण चाकावर पाय देऊन वर चढली, टाकीत डोकावली आणि किंचाळली. मग रिकामे हंडे खाली ठेवून सगळ्यांनी हसत-ढकलत जमादाराचं दर्शन घेतलं.

टेम्पो पुन्हा निघाला. मागे हौद्यात टाकीच्या दोन अंगांना वैदेही आणि रामकिसन बसले होते. तिने जायच्या रस्त्याकडे पाठ केली होती.

“ताई,” रामकिसन म्हणाला. आतापर्यंत त्याने तिला ताई म्हटलं नव्हतं. “त्याला कधी कळलं असंल का गं? होडीचं?”

टाकीत जमादार वळला. झाकणाच्या फटीतून पाणी उडून तिच्या मनगटावर पडलं.

“छे, काका,” ती म्हणाली. “बोलण्याच्या नादात ध्यानच नसायचं त्यांचं.”

रामकिसनचा चेहरा खुलला. “तेच तर म्हणतोय म्या,” तो म्हणाला, आणि वरातीची गोष्ट जिथे राहिली होती तिथून त्याने पुन्हा उचलली. रस्ता वळला. त्याच्या खांद्यामागचा किल्ला एका बाजूने सरकत दुसऱ्या बाजूला गेला, आणि वैदेही तिकडे न बघता हसत राहिली.