फ्रीजची विश्रांती

बाबांच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावरची जखम सव्वा महिना भरत नव्हती. सोमवारी डॉक्टर म्हणाले, "दत्ताराम, इन्शुलिन वाढवूनही साखर तीनशेच्या खाली येत नाही. दहा दिवस बघू. नाहीतर अंगठा काढावा लागेल."

मुलुंडच्या बसस्टॉपपासून घरापर्यंत बाबा माझा खांदा धरून लंगडत आले.

इंजेक्शन मीच द्यायची, सकाळी सहाला, कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामावर निघण्यापूर्वी. मात्रा चुकत नव्हती. जेवण आई मोजून वाढत होती. मग उरली ती इन्शुलिनची बाटली. मंगळवारी मी ती खिडकीपाशी नेऊन हलवली. औषध दुधासारखं एकसारखं दिसायला हवं. इथं काचेला आतून पांढरे कण चिकटले होते आणि हलवून सुटत नव्हते.

"आई, हे गोठलेलं औषध आहे."

"गोठेल कसं गं? टोचताना गार लागू नये म्हणून रोज चहाच्या वेळी मीच काढून ओट्यावर ठेवते. चांगलं पातळ असतं."

"आणि ठेवतेस कुठे?"

"वरच्या कप्प्यात, अगदी बर्फाच्या खणाखाली. औषध आहे, थंड राहायला नको?"

मी नवी बाटली आणली आणि छडा लागेपर्यंत माठाशेजारी ठेवली. प्रयोगशाळेतून थर्मामीटर मागून आणला, झोपायच्या आधी वरच्या कप्प्यात ठेवला. बुधवारी सकाळी पारा एकोणीस अंशांवर होता. फ्रीजमधला दिवा दिवाळीपासून गेलेला, त्यामुळे कळलं नव्हतं. भिंतीवरचं बटण बंद होतं.

मी रजा टाकली आणि बघत बसले. साडेसहाला बाबा लंगडत आले, बटण दाबलं आणि थंडावा कमी-जास्त करायची आतली चकती फिरवून शेवटच्या आकड्यावर नेली. अकराला पारा शून्यावर आला. दोनला, उणे तीन.

"बाबा, रात्री फ्रीज तुम्ही बंद करता?"

"मग? आणला तेव्हापासून. मशीन आसा ती. तिका दम खाऊक व्हयो."

बाबांनी एकतीस वर्षं कापडगिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, काढली होती. संपानंतर गिरणी उघडलीच नाही. तापलेली मशीन तुटते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"आणि सकाळी आकडा कशाला वाढवता?"

"रात्रीचं भरून काढायला. लवकर थंड होतो."

"होत नाही. थंड व्हायचा वेग तोच राहतो. आकडा वाढवला की तो फक्त उशिरा थांबतो. बर्फाच्या खणाखालचं सगळं गोठेपर्यंत थांबतच नाही. दिवसा औषध गोठतं, रात्री वितळतं. एकदा गोठलं की त्याची ताकद जाते, मग वितळलेलं टोचून उपयोग नाही."

त्यांनी पायाकडे पाहिलं.

"म्हणजे अंगठा माझ्याच हातानं गेला."

"अजून गेला नाही. बसा इथं."

चकती मधल्या आकड्यावर आणून मी त्यांना खुर्चीवर बसवलं, हातात घड्याळ दिलं. आत गरजेपेक्षा जास्त थंडी होती, म्हणून मोटर लगेच थांबली ती तासाभराने सुरू झाली. मग थांबली. सतरा मिनिटांनी सुरू झाली, अकरा मिनिटं चालली, पुन्हा थांबली. बाबांनी तीन फेऱ्या मोजल्या.

"आपली आपण थांबता?"

"हो. दिवसभरात चालते त्यापेक्षा थांबतेच जास्त."

"आमच्या साच्यांका असा काय नव्हता," ते म्हणाले आणि घड्याळ मला परत दिलं.

नवी बाटली दाराच्या खालच्या फळीवर गेली. जखमेसाठी आणलेली चिकटपट्टी आईनं बटणावर आडवी लावली. तरी दोनदा बाबांचा हात तिथं गेलेला मी पाहिला. पट्टी लागली की ते हात मागे घ्यायचे.

दहाव्या दिवशी साखर एकशे नव्वद होती. डॉक्टरांनी जखमेच्या कडा दाबून पाहिल्या. "कडा गुलाबी व्हायला लागल्यात, जखम भरतेय. कापायचं तूर्त राहू दे."

घरी आल्यावर बाबा त्याच खुर्चीवर बसले. फ्रीज गप्प होता.

"शुभा, किती मिनिटं झाली गं थांबून?"

मी मोजलं नव्हतं. भिंतीला टेकून, चपलासुद्धा न काढता, माझा डोळा लागला होता.