तिघांचा एकच आकडा

अमेरिकेतल्या आयसेलिन गावच्या हॉलबाहेर चपलांची रांग पार्किंगपर्यंत गेली होती. ती पाहून डॉ. नीलाच्या पोटात दुखलं. तीस वर्षं छातीचे आजार तपासलेली आणि शेवटची तीन वर्षं युगांडाच्या खेड्यांत श्वासरोगांची पाहणी करून दोन वर्षांपूर्वी परतलेली बाई ती. महिन्यापूर्वी याच हॉलमध्ये फुप्फुसांवर बोलली, तर ऐकायला माणसं आली नऊ. त्यातली दोन बटाटेवड्यांसाठी.

आज श्वासगुरू विनयजींसाठी उभं राहायला जागा नव्हती. हर्नडन शहरातली आयटीची नोकरी सोडून ते लोकांना 'प्राण' वाटत फिरत होते.

"लंग्ज म्हणजे पूर्वजन्मीच्या कर्माचं स्टोरेज," ते समजावत होते. "डॉक्टर फक्त मॅनेज करतात. आम्ही डिलीट करतो."

त्यांच्या हातात फुंकरीचा जोर मोजणारी, दवाखान्यात असते तशी नळी होती. फुंकलं की काटा वर सरकतो. आधी रुग्ण फुंकायचा आणि आकडा मोठ्यानं वाचला जायचा. मग नळीला भगवं रेशमी वस्त्र गुंडाळून गुरू स्वतः तीनदा जोरात ओंकार फुंकायचे, रुग्णाच्या तोंडावर धुपाचा धूर सोडायचे आणि नळीला पुठ्ठ्याचं नवंकोरं तोंड बसवायचे. हायजिन पाहून मंडळी खूश. रुग्णानं पुन्हा फुंकलं की वस्त्र दूर व्हायचं. अतुल एकशेऐंशीवरून साडेतीनशेवर गेला. प्रीता दीडशेवरून साडेतीनशेवर.

तिसरी होती शैलजा, नीलाची नणंद. चार दिवसांपूर्वी तिनं गुरूंच्या सांगण्यावरून इनहेलर बंद केला होता. तिची छाती पहिल्या रांगेपर्यंत वाजत होती. तिचाही आकडा एकशेचाळीसवरून साडेतीनशेवर गेला.

"नीला दोन वर्षं औषधं देतेय," शैलजा धापा टाकत माइकवर म्हणाली. "यांनी पाच मिनिटांत केलं."

टाळ्या पडल्या आणि नीलाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिघांचा आकडा एकच कसा? तिला युगांडातली ती सकाळ आठवली. बायकांना कसं फुंकायचं ते दाखवायला तिच्या तरण्या कार्यकर्त्यानं आधी स्वतः फुंकलं आणि काटा खाली आणायला विसरला. मग चाळीस म्हाताऱ्यांची फुप्फुसं त्याच्याइतकीच दणकट निघाली. नीलानं आनंदानं अहवाल पाठवला होता, आणि पाठोपाठ माफीचं पत्र.

ती तडक स्टेजवर गेली. तिनं नळी उचलली आणि बशीतला चहा निववावा इतकी हलकी फुंकर मारली. आकडा साडेतीनशेच राहिला. मग बोटानं काटा शून्यावर आणून तिनं नळी शैलजाला दिली.

"आता फुंका, वन्सं."

एकशेतीस.

"गुरूंच्या जोरानं काटा वर जातो आणि तिथंच राहतो," नीला म्हणाली. "वस्त्र ते झाकायलाच आहे."

विनयजी निगेटिव्ह एनर्जीबद्दल काहीतरी पुटपुटले. मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, तुम्ही जेलस आहात."

"आहेच. ही गर्दी पाहून जळतेय मी. पण माझ्या जळण्यानं काटा हलत नाही. तो खाली आणून कुणीही फुंकून बघा."

शैलजा खुर्चीत बसली. "मग मलाच का गं हे झालं? आयुष्यात विडी ओढली नाही मी. यांनी निदान कर्म तरी सांगितलं. तू काहीच सांगितलं नाहीस."

नीला खजील झाली. युगांडात तिनं घरोघरी विचारलं होतं, चूल कुठे, जळण काय, खिडकी आहे का. घरच्या नणंदेला एकदाही विचारलं नव्हतं. ते तिनं आता, सगळ्यांसमोर विचारलं. कळलं ते असं, की शैलजा नऊ वर्षांची असल्यापासून लग्न होईपर्यंत बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात ओली लाकडं आणि गोवऱ्या फुंकत बसायची.

"हे कर्म नाही, वन्सं, धूर आहे. तिकडच्या बायकांना जो बाधला, तोच तुम्हाला. आणि धूप म्हटलं म्हणून छातीला तो वेगळा लागत नाही. चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारत जा, हे मोजलं कसं?"

नीलानं पर्समधून काढलेल्या इनहेलरसाठी शैलजानं हात पुढे केला. "आधी तो धूप विझवा कुणीतरी," ती म्हणाली.