वजन उतरलं

गोरक्षने साखळी आणखी दोन हात ओढली आणि जुनं इंजिन एकदाचं गाडीच्या पोटातून बाहेर आलं. ते वर लोंबकळत होतं, तेवढ्यात खाली गाडीने पुढून हळूहळू नाक वर केलं.

"बघ, कशी सुटल्यासारखी झाली," स्टुलावर बसलेला किशोर म्हणाला. "वजन उतरलं तिचं."

गोरक्षने नुसतं हं केलं. वजन उतरलं, वजन उतरलं, हे गेले काही महिने तो ऐकत होता, पण गाडीबद्दल नव्हे. ज्याच्याबद्दल ऐकत होता तो भर दुपारी मफलर गुंडाळून समोर बसला होता.

दोन माणसांपुरती ही बुटकी विलायती गाडी किशोरने देवळाली कॅम्पातल्या एका कर्नलकडून घेतली, तेव्हा दोघांच्याही मिशा काळ्या होत्या. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली ड्यूटी संपली की किशोर थेट जेल रोडवरच्या या गॅरेजमध्ये यायचा. दोघे मिळून रॅलीत उतरायचे. किशोर चालवायचा आणि गोरक्ष बाजूला बसून वळणं ओरडायचा. बक्षीस कधी मिळालं नाही, याचा दोष दोघेही इंजिनाला द्यायचे. अख्खं बिडाचं धूड ते, नाकापेक्षा मोती जड. स्टेअरिंग फिरवताना खांदे भरून यायचे, आणि वळणावर गाडी आपलं तोंड सरळच ठेवायची.

आता तिथे ॲल्युमिनियमचं छोटं जपानी इंजिन बसणार होतं. एका ठोकलेल्या गाडीतून काढलेलं. दोघा जणांनी हातावर उचलावं एवढं हलकं, पण स्वभावाने तापट. खालच्या वेगात झोपा काढायचं, आणि चांगलं ओरडेपर्यंत पिळलं की मगच त्याला जीव यायचा. गोरक्षला ते पटलेलं नव्हतं.

"शिलाई मशीन हाय हे," तो म्हणाला होता. "म्हातारीला कशाला नाचवतो?"

"नाचू दे की एकदा," किशोर म्हणाला होता.

महिनाभरात इंजिन बसलं. राहिल्या स्प्रिंगा. पुढचा भार घटला, तेव्हा त्या नव्याने लावणं भाग होतं, आणि त्यासाठी गोरक्षची एक जुनी रीत होती. गाडीत जो बसणार त्याच्या वजनाची रेतीची गोणी सीटवर ठेवायची. माणूस चुळबुळ करतो, गोणी करत नाही. मग टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये दोन्हीकडे सारखी चार बोटं बसेपर्यंत स्प्रिंगखाली चकत्या घालायच्या नाहीतर काढायच्या. किशोरच्या वजनाची गोणी रॅलीच्या दिवसांपासून कोपऱ्यात पडून होती. तिच्यावर लाल ऑइलपेंटने 'किशोर' असं लिहिलेलं होतं. किशोरची बायको संध्या पूर्वी ती पाहून म्हणायची, "हा किशोर बरा. उलटून बोलत नाही."

एका दुपारी किशोरचा डोळा लागलेला पाहून संध्या एकटीच गॅरेजवर आली. आली ती थेट त्या गोणीपाशी जाऊन उभी राहिली.

"भावजी, हीच ठेवाल ना सीटवर? यातली एक मूठही काढू नका."

"वहिनी, पण आता त्याचं वजन…"

"भरून येईल. डॉक्टर म्हणालेत, खाल्लं की भरून येतं." तिने गोणीवरची धूळ पदराने पुसली. "तुम्ही रेती कमी केलीत, तर आपण काय धरून चाललोय ते त्यांना कळेल. मी बोलले हे सांगू नका त्यांना."

दुसऱ्या दिवशी रिक्षातून किशोर आला. गॅरेजच्या दारापासून स्टुलापर्यंत यायला त्याला मध्ये एकदा थांबावं लागलं.

"गोरख, गोणी संध्याच्या वजनाची भर." त्याने आकडाही सांगितला.

"आणि तू कुठं बसशील?"

"मी चार दिवस मिरवीन. पुढे तीच चालवणार." श्वास लागला म्हणून तो थांबला. "एवढी स्कूटर हाणते, पण त्या धुडावर तिला स्टेअरिंग वळायचं नाही. मग माझ्यामागे गाडी भंगारातच गेली असती. हे हलकं इंजिन उगाच नाही घेतलं मी."

गोरक्ष हातातला पाना पुसत राहिला.

"बाजूच्या सीटवर किती धरू?"

"रिकामी धर," किशोर म्हणाला. "आणि तिला बोलू नको."

गोरक्षच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या जेल रोडला ठाऊक होतं. दोघांनी गुपित ठेवायला माणूस निवडला तो असा. दोन दिवस त्याने गाडीला हातच लावला नाही. मग शेजारच्या कांदेवाल्याच्या काट्यावर त्याने नवी गोणी भरली, संध्याच्या वजनाची. शेवटची घमेली ओतताना त्याला रडू आलं. इतकी वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या आणि आपल्या मित्रासाठी करता येतंय ते एवढंच, याचं ते रडू होतं. चकत्या बसवून झाल्यावर त्याने नवी गोणी मागच्या खोलीत ढकलली आणि लाल अक्षरांची जुनी उचलून सीटवर ठेवली.

गाडी न्यायच्या दिवशी संध्याने आधी तीच पाहिली. गोणीवर थाप मारून ती हसली. गोरक्षने गोणी खाली घेतली आणि किशोरला काखेत धरून सीटवर बसवलं. मग तो बाजूला झाला. काखेत हात घातल्यावर काय जाणवलं ते त्याला कुणाला सांगायचं नव्हतं.

संध्या मात्र चाकापाशी वाकली. इतकी वर्षं पाहून तिला रीत पाठ होती. तिने किशोरच्या बाजूला मडगार्डखाली बोटं घातली, मग पलीकडे जाऊन घातली, आणि खात्री पटेना म्हणून पुन्हा अलीकडे आली.

"भावजी, चार! दोन्हीकडे चार!" तिचा आवाज चढला. "जुन्याच वजनावर लावली ना गाडी? आणि हे बसलेत तरी सारखी! म्हणजे भरून आलं यांचं. आमच्या घरचा काटाच खोटा आहे, मी म्हणतच होते."

किशोरने गोरक्षकडे पाहिलं. गाडी लावली ती संध्याच्या वजनाच्या गोणीवर, हे दोघांनाच माहीत होतं. किशोर उतरत उतरत तिच्या वजनावर येऊन पोचला असेल, हे मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"काटाच खोटा, वहिनी," गोरक्ष म्हणाला. "पहिल्यापासून."

"चल, बस," किशोर म्हणाला. त्याने किल्ली फिरवली आणि पाय दाबला. इंजिन गुरगुरलं, मग वर, आणखी वर गेलं, आणि पत्र्याचं छप्पर थरथरू लागलं. संध्याने कानांवर हात ठेवले. ती हसत होती. हसतच ती दार उघडून बाजूच्या सीटवर बसली.

त्या सीटवर कुणाचंच वजन धरलेलं नव्हतं. गाडी डाव्या अंगाला, तिच्या बाजूला जराशी कलली आणि तशीच फाटकाबाहेर पडली.