आत्याने दार लावून घेतलं

आत्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. घरात तिला सगळे आत्याच म्हणत. भाचरं तर म्हणतच, पण वहिनीसुद्धा. चाळिशी उलटली होती, लग्न केलं नव्हतं आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. भावाच्या घरी ती हॉलमधल्या सोफ्यावर झोपायची. टीव्ही बंद झाला की तिची रात्र सुरू व्हायची आणि कुणाला पहाटे तहान लागली की संपायची.

अशा आत्याने एके दिवशी मोबाइलवर जाहिरात पाहिली आणि तिचं कामातलं लक्षच उडालं. शहराला खेटून असलेल्या उपनगरात, दुकानापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, एक छोटासा फ्लॅट विकायचा होता. रंगरंगोटी नवी, नळ नवे, ओटा नवा. बँकेने तिच्या कर्जाला आधीच होकार दिला होता. शनिवारी ती वहिनीला घेऊन बघायला गेली. वहिनी आली खरी, पण तोंड एवढंसं करून.

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. स्वयंपाकघरात दोघी एकदम उभ्या राहिल्या की तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढी जागा. जुन्याच फरशीला पॉलिश करून चकचकीत केलं होतं. एजंट मुलगा उत्साहाने एकेक खिडकी उघडून दाखवत होता. एक नवरा-बायकोची जोडी कपाटासाठी भिंत मापत होती. ते दुसऱ्यांदा आलेत, असं एजंट म्हणाला आणि आत्या भराभर खोल्या बघू लागली.

ती बेडरूममध्ये गेली आणि कसं वाटतंय ते बघावं म्हणून तिने दार लावलं. चौकटीला रंगाचे जाड हात दिलेले. दार जे घट्ट बसलं ते बसलंच. हँडल फिरत होतं, दार हलत नव्हतं.

बाहेर एकच धांदल उडाली. एजंटने दोन धक्के देऊन पाहिले, मग रंगाऱ्याला फोन लावला. तो शेजारच्याच इमारतीत काम करत होता, येतोच म्हणाला. ती जोडी मात्र विचारात पडली. वडिलांशी बोलून घेतो म्हणत दोघं खाली उतरली आणि त्यांना समजवायला एजंटही मागोमाग धावला.

आत आत्या मुळीच घाबरली नव्हती. भिंतीवर उन्हाचा मोठा चौकोन पडला होता. ती फरशीवर फतकल मारून बसली. पलंग इथे, खिडकीखाली टेबल, कोपऱ्यात दिवा. आपल्याला इतका आनंद होतोय याचंच तिला हसू येत होतं, आणि ते बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तिने तोंडावर हात धरला होता.

तेवढ्यात दाराला अगदी चिकटून वहिनीचा आवाज आला. "आत्या, खरं सांग. माझं काही लागलं का तुला? म्हणून चाललीस?"

आत्या उठून दाराजवळ गेली. तिचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"तसं काही नाही गं वहिनी. तू मला कधी परकं मानलं नाहीस. मला फक्त लावून घेता येईल असं एक दार हवंय."

पलीकडे वहिनीने नाक ओढलं. "मलासुद्धा हवं असतं कधीकधी," ती म्हणाली. आणि लगेच तिचा नेहमीचा करडा सूर परत आला. "मग गप्प काय बसलीस? ते दोघं खाली फोन करताहेत. घ्यायचंय ना तुला?"

एजंट धापा टाकत वर आला तेव्हा आत्याने आतूनच त्याला सांगितलं की घर ती घेतेय, मागितलेली किंमत तिला मान्य आहे, मालकांना आत्ता फोन लावा. आधी बाहेर तर या, असं तो म्हणू लागला. पण अभ्यास न करणाऱ्या पोरांकडे वहिनी जशी बघायची, तशी ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. त्याने निमूट स्पीकरवर फोन लावला. मालकबाईंनी एकच प्रश्न विचारला, राहायला घेताय की भाड्याने द्यायला? राहायला, असं आत्या दाराआडून ओरडली. मग तुमचंच, असं उत्तर आलं.

रंगाऱ्याने फटीतून पातं फिरवलं, खांदा लावला आणि दारासकट आत येऊन पडता पडता राहिला. वहिनी त्याला ओलांडून गेली आणि तिने आत्याला घट्ट मिठी मारली.

खाली गेलेली जोडी परत आली तेव्हा त्या मुलीचा चेहरा पडला. आत्याला वाईट वाटलं. पलीकडच्या गल्लीत असाच एक फ्लॅट आहे म्हणत एजंट त्यांना घेऊन गेला.

बसची वाट बघण्याइतका दोघींना धीर नव्हता, त्या चालतच निघाल्या. वहिनीच्या मते पडदे पिवळेच हवेत. आत्याला निळे हवे होते. घर येईपर्यंत त्या कडाकडा भांडत होत्या. भावाने दार उघडून काय झालं विचारलं, तर दोघी एकदमच बोलायला लागल्या, आणि त्याला एवढंच कळलं की पडद्याचं अजून ठरायचंय.