तेवढंच अंतर

दोन विमानतळांमधलं अंतर जाताना जेवढं, येताना तेवढंच. मधले डोंगर काही दुपारून सरकत नाहीत. वेळ मात्र वाऱ्याच्या हाती, आणि वारा देवाच्या.

धंदा घरचाच. एक लहानसं विमान. दादा ते उडवायचा, त्याची बायको रेडिओवर बसायची, धाकटा भाऊ इंधन भरायचा. पलीकडे इंधन मिळत नसे, म्हणून जाण्यायेण्याचं इथूनच न्यावं लागे. त्या दिवशीच्या वाऱ्यात जायला लागणारा वेळ काढायचा, त्याची दुप्पट करायची, वर अर्ध्या तासाचं जास्तीचं घालायचं. इतकी वर्षं वारा बेताचाच होता, त्यामुळे ही रीत कधी अंगाशी आली नव्हती.

त्या दुपारी वहिनी बाजारातून परतली, तेव्हा शेडचा पत्रा थडथडत होता.

"वहिनी, आज वाऱ्यानं दादाला खांद्यावर बसवून नेलं! तासात पोचला. औषधं उतरवून लगेच निघाला, त्यालाही तास होत आला."

"म्हणजे लवकर येऊन माझं डोकं खाणार."

"तुमचं खाऊन उरलं तर माझं."

दोघं हसली. हसता हसताच तिनं विचारलं, "भाऊजी, इंधन किती भरलंत?"

"नेहमीच्याच रीतीनं. आजच्या वाऱ्यात जायचा एक तास, यायचा एक..." त्यानं दाराबाहेर वाऱ्याकडे पाहिलं. "वर अर्धा," तो पुटपुटला.

पत्रा पुन्हा थडथडला. तिनं नकाशावर पट्टी ठेवली, वारा वजा केला आणि रेडिओ उचलला.

"अहो, कुठे आहात?"

"ढगांच्या वर. निघून तास झाला, आलोच. चहा टाक."

"तुम्ही अर्ध्यावरसुद्धा नाही आहात."

"काहीतरीच काय!"

"ऐका माझं. वारा तोंडावर आहे. इकडे यायला अजून तासाहून जास्त लागेल, मागे जायला जेमतेम अर्धा. आणि इंधन अर्ध्याच तासाचं उरलंय. मागे फिरा."

"अगं, काटा अजून वर..."

"काट्याचं नका ऐकू. जन्मात एकदा बायकोचं ऐका!"

रेडिओ खरखरला, "फिरलो. त्या गाढवाला सांग, उतरल्यावर कान..." पुढचं डोंगराआड तुटलं.

तिनं पलीकडच्या विमानतळावर फोन लावला. तिथला राखणदार म्हणाला, "बाई, ढग पार खाली आलेत. काही दिसत नाही."

"ठेवू नका. धरून राहा."

धाकटा जमिनीवर बसला होता. "वहिनी, मी..." तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिचे ओठ हलत होते. देवाकडे ती काही मागत नव्हती, नुसती हाक मारत होती, लेकरू आईला मारतं तशी.

बराच वेळ गेला.

"बाई, आवाज येतोय!"

तिलाही आला, फोनमधून, माशीच्या गुणगुणण्याएवढा. तो वाढत गेला. मग एकदम थांबला.

"उतरले का?"

"नाही." राखणदाराला धाप लागली होती. "पंखा थांबलाय. ढगातून बाहेर आलंय विमान, पण फार अलीकडे. धावपट्टी अजून..."

तिकडे त्याच्या हातून सुटलेला फोन भिंतीवर आपटला. त्याचे बूट खडीवरून धावत लांब लांब गेले, आणि ऐकू येईनासे झाले.