तौनोचा बिनसाखळीचा ट्रॅक्टर

तौनो हैकिलाने उभ्या जन्मात आपल्या ट्रॅक्टरच्या चाकांना बर्फात घसरू नये म्हणून लावतात त्या साखळ्या लावल्या नव्हत्या. तसा तो बागेतलं गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर. पण हिवाळ्यात त्याला पुढे बर्फ लोटायचं पातं लावलं, की घरापासून खाली तळ्याकाठच्या सॉनापर्यंतचा, म्हणजे वाफेच्या न्हाणीपर्यंतचा, अख्खा उतार तौनो एकटा साफ करायचा आणि ऐटीत वर यायचा. गावातल्या झाडून सगळ्यांनी साखळ्या घेतल्या, तौनोने नाही. "साखळ्या म्हणजे ज्याला चालवता येत नाही त्याचे पैंजण," असं तो चारचौघांत कॉफी पिताना म्हणायचा, आणि ते शेजारच्या डेल्बर्टकडे बघून म्हणायचा. डेल्बर्टच्या ट्रॅक्टरचे पैंजण सकाळी सहापासून वाजत असत.

आता तौनो खिडकीजवळच्या पलंगावर पडून होता. पोटातल्या दुखण्याने त्याला आतून खाऊन टाकलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. दर मंगळवारी नर्स यायची, औषध वाढवून जायची. तौनोचं कुणाकडे काही मागणं नव्हतं, एक सोडून. आणखी एकदा, नेहमीसारखं शनिवारी, त्याला सॉनाला जायचं होतं. घरातल्या न्हाणीत खुर्चीवर बसवून पोरीने अंग पुसावं, याला तो आंघोळ म्हणायलाच तयार नव्हता. तळ्याकाठचा तो लाकडी सॉना त्याच्या बापाने बांधलेला, तौनोचा जन्मही तिथलाच, आणि त्याच्या आईला शेवटची आंघोळ घातली तीही तिथल्याच बाकावर. नर्स म्हणाली, भट्टी मंद ठेवा, दहा मिनिटं बसू दे, काही बिघडत नाही. नेता आलं तर न्या.

नेता आलं तर! आता ते सगळं इर्माच्या गळ्यात आलं. इर्मा तौनोची एकुलती एक मुलगी, चोपन्न वर्षांची. शाळेच्या स्वयंपाकघरात मोठाली पातेली उचलून तिचे दंड चांगले भरले होते. बापासाठी ती हिवाळाभर रजा टाकून आली होती. पण तो ट्रॅक्टर तिने बर्फात कधी चालवला नव्हता, कारण तौनोने कुणाला हातच लावू दिला नव्हता.

गुरुवारी तिने पहिल्यांदा तो खाली नेला. उतरताना कसा मुकाट उतरला. वर यायची वेळ आली तेव्हा अर्ध्या चढावर मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरायला लागली. इर्मा पुढे बघते तर घर आहे तिथेच. वर खिडकीच्या काचेवर तौनोची काठी टकटक वाजत होती. ती पायी वर आली की तो हुकूम द्यायचा, मग ती पुन्हा खाली जायची. चाकांतली हवा कमी कर. तिने केली. चुलीतली राख पसर. तिने बादलीभर पसरली. पेडलवर पाय अंड्यावर ठेवल्यासारखा ठेव. तिने ठेवला. ट्रॅक्टर दोन हात चढायचा आणि तीन हात मागे घसरायचा. वर पोचायला तिला तीन तास लागले, आणि शेवटच्या वळणावर तिने स्टिअरिंगवर डोकं टेकून चक्क रडून घेतलं. खिडकीतून ते दिसलं असणार. तौनो एवढंच म्हणाला की ट्रॅक्टर म्हातारा झाला.

शुक्रवारी सकाळी डेल्बर्ट आला. त्याने खांद्यावरून आपल्या जुन्या साखळ्यांची जोडी आणली होती.

"लाव या. मापाच्या आहेत," तो पडवीत उभा राहून हळू आवाजात म्हणाला.

"तो बघतोय खिडकीतून."

"बघू दे की."

"नको. आता त्याच्याकडे तेवढंच उरलंय," इर्मा म्हणाली. "आणि मला एक कळत नाही. इतकी वर्षं साखळ्यांशिवाय चढत होताच ना हा ट्रॅक्टर? मग माझ्याच वेळी याला काय धाड भरते?"

डेल्बर्टने टोपी काढली, डोकं खाजवलं. "पोरी, तुझा बाप दोनशे साठ पौंडांचा होता. सगळा भार मागच्या चाकांवर. तू किती, एकशे तीस? चाक बर्फाला धरणार कशाने?" मग त्याने साखळ्या पडवीतल्या खिळ्याला अडकवल्या आणि जाताना म्हणाला, "त्याला सांगू नकोस हं."

इतकी वर्षं गावाला वाटत होतं ती तौनोच्या हाताची करामत, आणि तौनोला तर वाटतच होतं. निघालं काय, तर वेलदोड्याचा पाव आणि लोणी खाऊन वाढलेलं वजन! इर्माला हसू आलं, आणि त्या हसण्याचीच तिला लाज वाटली. तिने शेडमधून वाळूची साठ-साठ पौंडांची दोन पोती ओढत आणली आणि ट्रॅक्टरच्या मागच्या पेटीत घातली. या वेळी ट्रॅक्टर खाली गेला, बर्फ लोटला आणि कुरकुर न करता वर आला.

ती आत आली तेव्हा तौनो छताकडे बघत होता.

"किती पोती घातलीस?"

"दोन."

"साठाची?"

"हो."

हिशेब सोपा होता आणि तौनोचं डोकं अजून शाबूत होतं. "तुझी आई जन्मभर माझ्या कानीकपाळी ओरडली, कमी जेव, कमी जेव," तो म्हणाला. "ऐकलं असतं तर एकाही शनिवारी वर आलो नसतो." इर्मा हसली नाही. तोही हसला नाही. त्याने तोंड भिंतीकडे केलं.

शनिवारी दुपारी तिने सॉनाची भट्टी पेटवली. उतार पुन्हा एकदा साफ केला, पार तळाचा घट्ट थर लागेपर्यंत, कारण तिला वाटलं जितका स्वच्छ तितका बरा. मग पेटीतल्या पोत्यांवर रजई अंथरली, बापाला दोन कोट घालून तिच्यावर बसवलं, आणि ट्रॅक्टर सुरू केला. निघताना पडवीतल्या खिळ्यावरच्या साखळ्या तिला दिसल्या. तौनोलाही दिसल्या. "डेल्बर्टचे पैंजण," तो म्हणाला, आणि आठवड्यात पहिल्यांदा त्याच्या आवाजात जुनी मजा आली. त्या मजेखातर इर्माने त्या तिथेच राहू दिल्या.

सॉना छान झाला. तौनो खालच्या बाकावर भिंतीला टेकून बसला, इर्माने भट्टीवरच्या तापल्या दगडांवर एक पळी पाणी टाकलं, वाफ आली, त्याने डोळे मिटले. तिने सॉनात अंगावर मारायच्या भूर्जाच्या डहाळ्या भिजवून त्याच्या पाठीवर हलकेच टेकवल्या. पाठ कुठली, नुसती हाडं. दहाची वीस मिनिटं झाली. त्याला उठायचं नव्हतं आणि तिला उठवायचं नव्हतं.

दार उघडलं तर बाहेर तळ्यावरून बर्फ उतरत होता, पिठासारखा, दाट. राख केव्हाच गडप झाली होती आणि खालचा खरवडलेला थर काचेसारखा गुळगुळीत झाला होता. तिने बापाला पोत्यांवर बसवलं आणि पाय अंड्यावर ठेवल्यासारखा ठेवला. ट्रॅक्टर चढाला लागला, पाचसहा हात गेला आणि चाकं फिरायला लागली. वाळू होती, इर्मा होती, तौनो होता, सगळा भार होता. काचेवर भार काय कामाचा? तिथे फक्त साखळी रुतते, आणि साखळ्या वर खिळ्याला होत्या. तिने पुन्हा खाली घेऊन जोर मारला. तिसऱ्यांदा ट्रॅक्टर तिरका होऊन कडेच्या बर्फात जाऊन रुतला.

तळ्याकाठी फोन लागत नसे. इर्माने बापाला सांगितलं की सॉनात अजून ऊब आहे, तू आत बस, मी वर जाऊन साखळ्या आणते, डेल्बर्टला आणते, पंधरा मिनिटांत येते.

तौनोने तिची बाही धरली. "इथे एकट्याला ठेवू नकोस गं," तो म्हणाला. असं काही तो कधी कुणाला म्हणाला नव्हता. इर्माने सॉनाच्या दाराकडे पाहिलं, आजीला शेवटची आंघोळ घातली त्या आतल्या बाकाकडे पाहिलं, आणि तिला समजलं.

मग ती त्याच्यापुढे पाठमोरी वाकली आणि त्याला पाठंगुळीला घेतलं. गुळगुळीत वाट सोडून ती कडेच्या खोल बर्फातून चालायला लागली, कारण तिथे गुडघाभर पाय रुतत होता आणि रुतला तर टिकत होता. दोनदा थांबली. छाती फुटायला आली ती चढामुळे. पाठीवरचं ओझं तिला जाणवतच नव्हतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. शाळेतलं सूपाचं पातेलं याहून जड असायचं. दोनशे साठ पौंडांचा बाप, ज्याच्या पायरीवरच्या पावलाने लहानपणी कपाटातल्या बशा वाजायच्या, तो तिच्या गळ्याला दोन्ही हातांनी धरून होता.

"इर्मा," तो तिच्या कानाशी म्हणाला, "जड होतोय का गं मी?"

"फार," इर्मा म्हणाली. "कंबर मोडली माझी."

त्याने तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली. खाली तिरका पडलेला ट्रॅक्टर पांढरा होत चालला होता.

"मग चाक का घसरलं?" त्याने विचारलं.

इर्माने त्याला पाठीवर जरा वर सरकवलं, पुढचा पाय बर्फात रोवला आणि चालत राहिली.